आईंच्या डब्यातल्या तीन पट्ट्या

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, वजन ४६ किलो. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, बीपीची गोळीही चालू आहे, पण घरात बसणं त्यांना माहीत नाही. यंदा तिसऱ्या श्रावणी सोमवारी गल्लीतल्या बायकांबरोबर ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या डोंगराची पायी प्रदक्षिणा, केली. उपवास होता, वरून पाऊस. डॉक्टरांनी दिलेली गुडघ्याची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतलीच, शिवाय तापाची ६५० ची गोळी दिवसभरात तीनदा घेतली. भिजून सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी दोनदा. अंग दुखतंय म्हणून पुढचे दोन दिवस हाच क्रम. नंतर दोन-तीन दिवस मळमळ होती, अन्नावरची वासना उडाली होती. त्या म्हणाल्या, पित्त झालंय. आमचे हे म्हणतात, तापाची गोळी लहान मुलांनाही देतात, तिने काय होणार? शेजारच्या काकू म्हणतात, ती गरम पडते, दुधाबरोबर घ्या. आता आई नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणार आणि वणीच्या गडावरही जाणार. मी गोळ्या बंद करायला लावू का? आमची मुलगी बीएस्सीला केमिस्ट्री घेऊन आहे. ती विचारते, ही गोळी म्हणजे मुळात कोणतं रसायन? सोबत पट्ट्यांचे फोटो पाठवते आहे.
– एक सून, इंदिरानगर

उत्तर : तुम्ही आईंचा डबा उघडून तिन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. मी ते मोठे करून पाहिले. गुडघ्याच्या गोळीवर कंपनीने दिलेलं नाव ठसठशीत आहे आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय : अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. तापाच्या पट्टीवर पॅरासिटामॉल ६५०. सर्दीच्या पट्टीवर तीन-चार औषधांची नावं आहेत, त्यांत पहिलंच पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम. आईंना वाटत होतं, आपण गुडघ्याला एक, अंगाला एक आणि सर्दीला एक अशा तीन वेगळ्या गोळ्या घेतोय. पोटात मात्र तिन्ही वाटांनी एकच औषध जात होतं.

मी बेरीज केली. गुडघ्याच्या दोन गोळ्यांतून ६५०, तापाच्या तीन गोळ्यांतून १९५० आणि सर्दीच्या दोन गोळ्यांतून १०००. एका दिवसात ३६०० मिलिग्रॅम, असे तीन दिवस. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम, ही शेवटची हद्द मानतात. तुमचे यजमान म्हणतील, मग हद्दीच्या आतच होतं की. पण ती हद्द पोटभर जेवणाऱ्या, साठ-सत्तर किलोच्या, निरोगी माणसाची. वजन ५० किलोच्या खाली, वय झालेलं आणि त्यात उपवास, अशा माणसासाठी डॉक्टर ती २ ते ३ ग्रॅमपर्यंत खाली आणतात. एका वेळचा हिशोब किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असा असतो. आईंच्या ४६ किलोला एका वेळी ५०० ची एक गोळी पुरते, ६५० म्हणजे जवळजवळ काठोकाठ. फेरीला निघताना त्यांनी गुडघ्याची आणि तापाची गोळी एकदम घेतली असेल, तर एका घोटाबरोबर ९७५ मिलिग्रॅम गेलं.

यजमानांचं निम्मं म्हणणं खरंच आहे. पॅरासिटामॉल हे मोठं गुणाचं औषध आहे. योग्य मात्रेत ते तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत चालतं, आणि मी स्वतः ताप आला की दुसरं काही घेत नाही. त्यातून होणारं नुकसान मात्रेत आहे, आणि मात्रा चुकते ती बहुतेक वेळा अशीच, एका औषधाची वेगवेगळी नावं न ओळखल्यामुळे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं दुकानातली. औषध एकच.

पंचवटीत माझं मेडिकल होतं तेव्हाची एक बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दिंडोरीकडची, द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी. बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, आली होती. तिने पदराची गाठ सोडली आणि काउंटरवर गोळ्यांचे पाच तुकडे मांडले, कात्रीने कापलेले, दोन-दोन गोळ्यांचे. एकावर नुसतं ‘टामॉ’ एवढंच उरलेलं, एकावर किंमत, बाकीच्यांवर काहीच नाही. तिने विचारलं, “ताई, यातली कमरेची कुठली?” पस्तीस वर्षं या धंद्यात काढूनही मला त्यातल्या दोन ओळखता आल्या नाहीत. तिला ते कापून देणारे दुकानदार माझ्यासारखेच होते. नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू आम्ही दुकानात ठेवायचो, कारण उरलेली पट्टी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवावी लागे. त्या दिवसानंतर मी उलटं करायला लागले, नाव-तारखेची बाजू गिऱ्हाइकाला द्यायची. तुम्हीही मेडिकलमध्ये तसं सांगा. नाहीतर पूर्ण पट्टीच घ्या. आणि घरी सुट्या गोळ्या डबीत ओतून ठेवू नका.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पॅरासिटामॉलचा रेणू लहानसा आहे. मध्ये बेंझिनची सहा कार्बनांची कडी. तिच्या एका टोकाला ओएच गट, बरोबर समोरच्या टोकाला नायट्रोजन आणि त्या नायट्रोजनला जोडलेला अ‍ॅसिटिल गट. अशा समोरासमोरच्या जागांना पॅरा म्हणतात हे तिला शिकवलंच असेल. पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनो-फिनॉल या लांब नावातली काही अक्षरं उचलून पॅरासिटामॉल झालं, आणि त्याच नावातली वेगळी अक्षरं उचलून अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन झालं. सूत्र सी८एच९एनओ२, रेणुभार १५१. पांढरे, किंचित कडवट स्फटिक, १७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे. गार पाण्यात बेताचंच विरघळतं, गरम पाण्यात बरंच जास्त. कारखान्यात पॅरा-अमिनोफिनॉलची अ‍ॅसेटिक अनहायड्राइडशी क्रिया करून ते बनवतात, आणि हीच क्रिया कितीतरी कॉलेजांत प्रॅक्टिकलला असते.

तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून एक करून पाहायला सांगा. पॅरासिटामॉलची गोळी खलून कोमट पाण्यात ढवळायची, गाळायची आणि त्यात फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकायचा. निळसर जांभळा रंग येतो, कारण फिनॉलचा ओएच गट मोकळा आहे. शेजारच्या परीक्षानळीत ताज्या अ‍ॅस्पिरिनचं तसंच पाणी घ्यायचं. तिथे रंग जवळजवळ येत नाही, कारण अ‍ॅस्पिरिनमध्ये तो गट अ‍ॅसिटिलने झाकलेला असतो. आणि कुठे जुनी, दमट हवा लागलेली अ‍ॅस्पिरिन मिळाली तर ती आधी हुंगून पाहायला सांगा. व्हिनेगरसारखा वास येईल. ओलाव्याने अ‍ॅस्पिरिन फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल वेगळं होतं, म्हणून तिच्या पाण्यात मात्र जांभळा रंग उमटतो. पॅरासिटामॉल कोरडं राहिलं तर त्या मानाने बरंच टिकाऊ. पण ओल लागून ते हळूहळू मोडायला लागलं की पॅरा-अमिनोफिनॉल सुटतं आणि हवेने तांबूस होतं. म्हणून पावसाळ्यात मोरीजवळच्या कपाटात राहिलेली, रंग बदललेली गोळी खायची नाही.

या औषधाचा जन्मही तिला आवडेल. १८८६ साली स्ट्रासबर्गमध्ये कान आणि हेप हे दोन डॉक्टर जंतांच्या रुग्णाला नॅफ्थलिन, म्हणजे आपण कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळीचं द्रव्य, देऊन पाहत होते. औषधवाल्याकडून अदलाबदल झाली आणि रुग्णाला भलतंच गेलं. जंत काही गेले नाहीत, ताप मात्र उतरला. ते भलतं म्हणजे अ‍ॅसिटॅनिलाइड. ते तापावर विकलं जाऊ लागलं, पण त्याने काही रुग्णांचे ओठ-नखं निळी पडायची, कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहायची ताकद जायची. पॅरासिटामॉल तर १८७८ मध्येच मोर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने बनवलं होतं. पुढे फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि १८९३ मध्ये त्यानेही रक्त बिघडतं असा निष्कर्ष मांडला. तो चुकीचा होता. मग पन्नासेक वर्षं ते बाजूला पडलं. १९४८ साली ब्रोडी आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवलं, की अ‍ॅसिटॅनिलाइड घेतल्यावर शरीरात त्याचं पॅरासिटामॉल होतं, आणि दुखणं कमी करतं ते हे पॅरासिटामॉलच. रक्त बिघडवणारा पदार्थ निराळा. अर्धं शतक माणसं बिचारी निळी पडत होती आणि खरं औषध त्यांच्या स्वतःच्या लघवीतून बाहेर जात होतं. १९५० च्या दशकात ते दुकानांत आलं.

हे औषध काम करतं ते मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत. ताप चढवणारं आणि वेदना तीव्र करणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तिथे कमी होतं. सूज आलेल्या जागी मात्र त्याचा जोर फारसा चालत नाही. अर्ध्या ते एक तासात गुण यायला लागतो, आणि दोन-तीन तासांत रक्तातलं निम्मं औषध संपतं. म्हणून चार ते सहा तासांनी पुन्हा घ्यायला सांगतात.

ते संपतं कसं, इथे आईंची गोष्ट येते. घेतलेल्या गोळीचा मोठा भाग यकृत साध्या पद्धतीने निकामी करून लघवीवाटे काढून टाकतं. पण ५ ते १० टक्के भाग दुसऱ्या वाटेने जातो आणि त्याचा एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. रोजच्या मात्रेत त्याची भीती नाही, कारण यकृतात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते त्याला लगेच पकडून निरुपद्रवी करतं. ग्लुटाथायोन आपल्या जेवणातल्या प्रथिनांतून तयार होतं. माणूस उपाशी असेल तर त्याचा साठा उतरतो. रोज दारू पिणाऱ्याचा तर आधीच उतरलेला असतो, आणि दारूने ती विषारी वाटही रुंद होते. साठा संपत आला की तो पदार्थ सरळ यकृताच्या पेशींना धरतो.

म्हणून फेरीच्या दिवशीचा उपवास मला ३६०० या आकड्याइतकाच बोचला. दिवसभर साबुदाणा आणि चहा, डोंगराची चाल, आणि त्यावर इतकं औषध.

या विषबाधेची वाईट खोड अशी, की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, घाम. माणसाला बरंही वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, डोळे पिवळे दिसतात, आणि तोवर यकृताला इजा झालेली असते. तिच्यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, जो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. पहिल्या आठ तासांत दिला तर जवळजवळ हमखास यकृत वाचतं. उशीर झाला तरी देतात, पण भरवसा कमी होत जातो. तुमच्या घरात किंवा शेजारात कुणी चुकून वा रागाच्या भरात भरपूर गोळ्या घेतल्या, तर ‘अजून तर बोलतोय, चालतोय’ म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. तडक सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, रिकाम्या पट्ट्या सोबत घेऊन.

आईंची मळमळ यामुळे होती की गुडघ्याच्या गोळीने पोट चाळवलं होतं, हे पत्रावरून कुणी सांगू नये. ते दिवस टळले आहेत आणि त्या हिंडत्या-फिरत्या आहेत, हे चांगलंच आहे. तरी या आठवड्यात डॉक्टरांना सांगून रक्ताची लिव्हरची आणि किडनीची तपासणी करून घ्या. एसजीपीटी आणि क्रिएटिनिन हे दोन आकडे त्यात पाहतात.

आता काकूंचं गरम पडणं. हे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्याकडे या एका शब्दात तोंड येण्यापासून आतड्याला जखम होण्यापर्यंत सगळं सांगितलं जातं. पॅरासिटामॉल पोटाला सहसा चटका देत नाही. अ‍ॅस्पिरिनच्या मानाने ते फारच सौम्य आम्ल आहे, आणि पोटाच्या अस्तरावरचा चिकट थर राखणारं प्रोस्टाग्लँडिन ते फारसं कमी करत नाही. पण गुडघ्याच्या गोळीत जे अ‍ॅसिक्लोफेनॅक आहे, ते नक्कीच ‘गरम पडतं’. ते शरीरभर प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून सांध्याची सूज उतरते, आणि त्याच वेळी पोटाचं संरक्षणही कमी होतं. दुधाच्या घोटाने हे थांबत नाही, कारण गोळी पोटातून रक्तात गेल्यावरही हा परिणाम चालूच असतो. जेवून घेतली तर जळजळ थोडी कमी होते, इतकंच. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर आतून रक्त जातंय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मला आईंच्या बाबतीत पॅरासिटामॉलपेक्षा या अ‍ॅसिक्लोफेनॅकची काळजी जास्त वाटते. त्यांची बीपीची गोळी टेल्मिसार्टनची आहे, तिन्ही पट्ट्यांबरोबर तुम्ही तिचाही चौथा फोटो पाठवलात, त्यात दिसली. टेल्मिसार्टन आणि अशी सुजेची गोळी एकत्र आल्या की बीपी नीट ताब्यात राहत नाही, आणि किडनीत रक्त गाळायला लागणारा दाब दोन्हीकडून उतरतो. त्यात पाणी कमी प्यायलं, घाम गेला, लघवी वाढवणारी तिसरी गोळी असली, तर किडनी अचानक बसू शकते. गुडघ्याच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं माहीत आहे का? बऱ्याच घरांत दोन डॉक्टरांची दोन पाकिटं असतात आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसतं. कृपा करून एकदा सगळा डबा एका डॉक्टरांपुढे रिता करा.

फेरीच्या वाटेवर किंवा अंजनेरीच्या कड्यांवर आईंनी गिधाडं पाहिली असतील. पूर्वी या डोंगरांत ती कितीतरी जास्त होती. डायक्लोफेनॅक नावाची सुजेची गोळी-इंजेक्शनं गाई-बैलांना दिली जायची, मेलेलं जनावर खाऊन ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००४ मध्ये हे कारण उघड झालं, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. अ‍ॅसिक्लोफेनॅक त्याचंच भावंड. गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. म्हणून २०२३ मध्ये तेही जनावरांसाठी बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, पण ही औषधं किडनीवर काम करतात हे मला लोकांना सांगायचं असतं तेव्हा मी गिधाडांचंच सांगते. ते ऐकून माणसं थांबतात.

मग गुडघ्याचं काय करायचं? झिजेच्या गुडघेदुखीत पॅरासिटामॉलचा गुण फार थोडा असतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. गुण येत नाही म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो आणि आकडा चढत जातो. त्यापेक्षा डायक्लोफेनॅकचं मलम गुडघ्याला लावून पाहायला डॉक्टरांना विचारा. तोंडाने घेतलेल्या गोळीच्या मानाने मलमातून रक्तात जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास औषध जातं, म्हणून पोट आणि किडनी बरीचशी सुटतात. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम : खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली सोडायचा. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. टीव्ही बघता बघता होतो. महिना-दीड महिना नेटाने केला तर फरक कळतो. जमिनीवर बसणं आणि उकिडवं बसणं कमी करा. देवघरापुढे एक चौरंग नाहीतर स्टूल ठेवा. आई कुरकुर करतील, चार दिवसांनी सवय होईल.

घरात ताप आला तर मात्र पॅरासिटामॉलच. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू डोकं वर काढतो. त्या दिवसांत तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांतलं काहीही परस्पर घ्यायचं नाही. डेंग्यूत प्लेटलेट कमी झालेल्या असतात, आणि या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. लहान मूल असेल तर मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरवायची, आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यायची. थेंबांच्या बाटलीत औषध फार दाट असतं आणि सिरपमध्ये पातळ. थेंबांचं औषध चमच्याने पाजल्याचे प्रकार माझ्या काउंटरवर मी ऐकले आहेत.

तुम्ही विचारलंत, गोळ्या बंद करायला लावू का. पॅरासिटामॉल बंद करायची गरज नाही, त्याची वही ठेवायची आहे. आईंच्या डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा. डावीकडे तारीख, मधे वेळ, उजवीकडे किती मिलिग्रॅम. डॉक्टर दुसरं काही सांगेपर्यंत आईंसाठी दिवसाची बेरीज २००० च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, दोन गोळ्यांत सहा तास. ६५० ची पट्टी त्यांच्या डब्यातून काढून टाका. सर्दीची गोळीही काढा. तिच्यात नाक मोकळं करणारं जे औषध आहे ते बीपी वाढवू शकतं, आईंना ते नकोच. सर्दीला वाफ आणि गरम पाणी. अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी मात्र डॉक्टरांना भेटेपर्यंत थांबवा, आणि भेट लांबवू नका, घटस्थापनेच्या आधीच घ्या. जाताना आईंचं वजन करून आकडा लिहून न्या. गोळी लिहिताना तो आकडा लागतो.

नवरात्राचा उपवास त्या सोडणार नाहीत, आणि मीही सोडा म्हणणार नाही. पण नऊ दिवस उपाशी राहू नका म्हणून नक्की सांगेन. उपवासाला राजगिरा चालतो, शेंगदाणे, दूध, दही, पनीर चालतं; साबुदाण्यापेक्षा यांत प्रथिनं कितीतरी जास्त. रोज सकाळी वाटीभर दही आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे त्यांच्या पुढ्यात तुम्हीच ठेवा. फराळ झाल्याशिवाय कुठलीही दुखण्याची गोळी नाही, हा घराचा नेम करा. नुसत्या पाण्यावर राहण्याचा दिवस असेल तर त्या दिवशी गोळीच नाही. गुडघ्याला मलम आणि शेक.

गडावर जाताना पायऱ्यांचा हट्ट त्यांना सोडायला लावा. २०१८ पासून गडावर ट्रॉली सुरू आहे, तिने वर जाता येतं. नवरात्रात रांग मोठी असते, म्हणून माळेच्या दिवसांत मधला वार पाहून पहाटेच निघा. पिशवीत पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू आणि ५०० च्या दोनच गोळ्या, नावाच्या बाजूसकट कापलेल्या.